येऊरचा मातकट माशीमार: पाय काळे की फिके?

नुकतीच_दुर्बीण · शनिवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

फराळ अंगावर यायला लागला म्हणून आज पहाटेच ठाण्याचं येऊर जंगल गाठलं. साडेसातच्या सुमारास एका पाड्यामागच्या ओढ्याकाठी, वाळक्या फांदीवर चिमणीपेक्षा लहान असा मातकट पक्षी ताठ बसलेला दिसला. मध्येच झेप घ्यायचा, हवेतलं काहीतरी टिपायचा आणि फिरून त्याच फांदीवर, त्याच जागी. पाऊण तास मी हलले नाही आणि तोही हलला नाही. डोळे एवढे मोठे की कुणी काजळ भरून वर पांढऱ्या खडूने गोल काढलाय असं वाटावं.

घरी येऊन फील्डगाइड उघडलं तर पानभर मातकट पक्षी. कुठल्याही चित्रावर बोट ठेवलं की तोच वाटतो! बरीच डोकेफोड करून दोघांवर आलेय: एशियन ब्राऊन फ्लायकॅचर आणि ब्राऊन-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. चैन पडेना म्हणून संध्याकाळी परत गेले, तर पठ्ठ्या तिथेच! फक्त ओढ्याच्या थोड्या खालच्या अंगाला, कारवीच्या गचपणात. दिवस मावळत आला होता, त्यामुळे ते फोटो यथातथाच आलेत.

एकूण पाच फोटो टाकतेय, क्रम लावलेला नाही. दोन नंबरच्या फोटोत छाती पांढरट वाटते आणि चार नंबरच्यात तपकिरी, त्यामुळे माझाच गोंधळ झालाय. नवऱ्याला "काहीतरी दुर्मीळ सापडलंय" असं सांगून बसलेय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

कोपरखैरणे_लोकल · ८:५२

'माशीमार' वाचून धावत आलो, वाटलं डासांवर काही उपाय निघाला. आमच्या सेक्टरात संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडायची सोय नाही. दोन-चार नग इकडे पाठवता आले तर बघा.

बाकी फोटो झकास. मला पाचही फोटोंत चिमणी दिसली.

उंबरखाली · ९:१५

पहिल्या धाग्याबद्दल अभिनंदन. उत्तर सोपं आहे: एशियन ब्राऊन, म्हणजे आपला साधा तपकिरी माशीमार. नवऱ्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता कारण. छातीचा रंग सोडून द्या. दुसऱ्याच्या नावातच छाती आहे, तरी ओळखताना छातीपासून सुरुवात करू नये. आधी पाय, मग चोच, मग बाकीचं. एशियन ब्राऊनचे पाय काळे, काडीवर काजळी धरल्यासारखे. ब्राऊन-ब्रेस्टेडचे पाय फिके, पिवळट गुलाबी, सुक्या जवळ्याच्या रंगाचे. हा फरक एकदा डोक्यात बसला की वीस पावलांवरूनही कळतो, फक्त पक्ष्याने पोट पायांवर टाकून बसू नये.

चोचीचं म्हणाल तर वरची चोच दोघांचीही काळपट. खालची बघायची. एशियन ब्राऊनची खालची चोच मुळाशी तेवढी पिवळसर आणि पुढे काळी होत जाते. ब्राऊन-ब्रेस्टेडची जवळजवळ टोकापर्यंत पिवळी, शिवाय चोच जरा लांबट आणि दणकट. तुमच्या १, २ आणि ५ नंबरच्या फोटोंत पाय स्वच्छ काळे आहेत आणि चोचीचा पिवळेपणा अर्ध्यावर संपतोय. प्रश्न मिटला.

गणिती_टिटवी · ९:३८

मिटला नाही. १, २, ५ बद्दल बोललात, ३ आणि ४ गिळून टाकलेत.

चार नंबरमध्ये छातीवर आडवा तपकिरी पट्टा आहे, गळा त्याच्या वर ठळक पांढरा आणि दोघांच्या मध्ये गालाखालून उतरणारी गडद मिशी. पंखाच्या पिसांच्या कडा तांबूस. शेपटीतही तांबूस झाक. एशियन ब्राऊनच्या अंगावर इतकी ऊब नसते, तो राखाडीकडे झुकलेला, धुऊन धुऊन विटलेल्या खाकी शर्टासारखा. पाय चारमध्ये पानाआड, मान्य. पण चोच पाहा, टोकाच्या अलीकडेपर्यंत पिवळी आहे.

उंबरखाली · ९:५१

फोटो ४ मावळतीचा आहे. दिवाळीच्या सुमारास सहाच्या आत-बाहेर सूर्य बुडतो आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात येऊरला दगडसुद्धा तांबूस दिसतो. वर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपल्या मनाने जुळवायची त्याची खोड. खाली हिरवी झाडी, वर पिवळा उजेड, मध्ये बिचारा कॅमेरा. तो जो रंग देईल तो प्रसाद म्हणून घ्यायचा, पुरावा म्हणून नाही.

शिवाय एशियन ब्राऊनची पहिल्या हिवाळ्यातली पोरं पाहिलीत का? पंखाच्या पिसांना फिकट, बदामी कडा असतात. छातीही अगदी पांढरी नसतेच, मळकट असते. कडा दिसल्या म्हणून ब्राऊन-ब्रेस्टेड ठरवायला लागलो तर येऊरमध्ये दर हिवाळ्याला त्याची जत्रा भरेल.

नुकतीच_दुर्बीण · १०:०५

बापरे. मला वाटलं होतं एका ओळीत उत्तर मिळेल. वाचतेय, भांडा. म्हणजे, चर्चा करा.

एक बाळबोध प्रश्न: यातला कुठला जास्त "आपला"?

नौपाड्याचे_आजोबा · १०:३०

प्रश्न बाळबोध नाही, पहिला तोच विचारायला हवा होता.

दोघेही इथले रहिवासी नव्हेत. एशियन ब्राऊन पूर्व सायबेरियापासून जपानपर्यंत आणि इकडे हिमालयातही घरटी करतो, थोडीफार आपल्या दक्षिणेतल्या डोंगरांतही. हिवाळ्यात दक्षिण भारत, श्रीलंका ते पार इंडोनेशियापर्यंत पसरतो. ब्राऊन-ब्रेस्टेडचं माहेर ईशान्य भारत, उत्तर म्यानमार, चीनचा मध्य-दक्षिण भाग. हिवाळा काढायला तो केरळाकडचा सह्याद्री आणि श्रीलंका गाठतो. आपल्या बाजूला कमी दिसतो. कमी दिसतो म्हणजे कमी असतो असं मात्र नव्हे, कारण तो बसतोच अशा जागी.

आमच्या वेळी चार जणांत एक दुर्बीण असायची आणि तीही जड. ती आपल्या हातात येईपर्यंत पक्षी उडालेला. त्यामुळे रंग नंतर, आधी बसणं-उठणं बघायची सवय लागली. एशियन ब्राऊन उघड्यावरचा. वाळकी फांदी, जंगलाची कड, बागेतलं झाडसुद्धा चालतं. उंची मध्यम, समोर मोकळी हवा. ब्राऊन-ब्रेस्टेड आडोशाचा. ओढ्याकाठचं ओलसर गचपण, जमिनीपासून हातभर-दोन हात वर, आणि हालचाल जास्त करून पहाटे नि तिन्हीसांजेला. गप्प राहणारा. दिसला तर कपाळावर नशीब लिहिलेलं.

सूनबाईंच्या दुसऱ्या परिच्छेदातला पक्षी आणि तिसऱ्या परिच्छेदातला पक्षी वेगळे वागतायत, एवढंच मला म्हातारपणी जाणवलं. झोपतो.

(सूनबाई म्हटलं, राग नसावा. आमच्या घरातलीही अशीच न जेवता जंगलात जाते.)

कोपरखैरणे_लोकल · १०:४१

आजोबा, तुम्ही बॉम्ब टाकून झोपायला गेलात.

सातासमुद्रापार · रविवार, पहाटे ४:२० (तुमची)

ठाण्याचीच, सध्या मोंटानात. तुमचा हा वाद वाचून हसू आलं, कारण इथे याला वाद म्हणतच नाहीत. इथले एम्पिडोनॅक्स माशीमार बघा एकदा. सगळे हिरवट-राखाडी, सगळ्यांच्या पंखांवर दोन पट्टे, बहुतेकांच्या डोळ्याभोवती वलय. त्यातले ॲल्डर आणि विलो फ्लायकॅचर तर १९७३ पर्यंत एकच जात समजले जायचे, ट्रेल्स फ्लायकॅचर या नावाने. आजही पक्षी गप्प असेल तर चांगले चांगले लोक हात टेकतात आणि वहीत "ट्रेल्स" लिहून पुढे जातात. तोंड उघडलं की मात्र काम झालं: विलो म्हणतो "फिट्झ-ब्यू", ॲल्डर म्हणतो "फी-बी-ओ".

यातली गंमत अशी की हे गाणं ते शिकत नाहीत. पिल्लं माणसांनी वाढवून पाहिली, आईबापांचा आवाज कानावर पडू दिला नाही, उलट दुसऱ्या जातीचं गाणं ऐकवलं, तरी मोठी झाल्यावर आपापल्या जातीचंच गायली. आपल्या दयाळासारखं शेजाऱ्याचं ऐकून त्यात भर घालणं हा प्रकारच नाही.

तुमच्याकडे निदान पायांचे रंग वेगळे आहेत. चैन आहे.

उंबरखाली · सकाळी ७:१०

छान माहिती. पण ते माशीमार आणि आपले माशीमार यांचा नात्याने संबंध नाही हे इथे सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी घोळ घालेल. तुमच्याकडचे टायरॅनिडी कुळातले, चारशेहून जास्त जाती, फक्त अमेरिका खंडांत. आपले मस्किकॅपिडी कुळातले. फांदीवर बसून माशी टिपायचा धंदा दोघांनी स्वतंत्रपणे काढला, एवढंच साम्य. एकाच नाक्यावर दोन वडापाववाले उभे राहिले म्हणून ते भाऊ होत नाहीत.

आणि आपल्याकडेही नावावर जाऊ नका. स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत फ्लायकॅचर म्हणतात, पण तो या कुळातला नाहीच, मोनार्किडीतला. नाचणही वेगळी. उलट ज्याला कुणी माशीमार म्हणत नाही तो सोसायटीच्या टाकीवर गाणारा दयाळ मात्र याच कुळातला. म्हणजे सूनबाईंच्या ओढ्यावरच्या मातकट पाहुण्याला दयाळ हा स्वर्गीय नर्तकापेक्षा जवळचा.

(सूनबाई नाव आता चिकटलं, इलाज नाही.)

गणिती_टिटवी · ७:४४

कुळाचार झाला असेल तर फोटो ४ कडे वळावं.

आणि तिसऱ्या उमेदवाराचं नाव कुणीच काढलेलं नाही: रस्टी-टेल्ड फ्लायकॅचर. हिमालयातून येऊन हिवाळ्याला नैऋत्य भारतातच उतरतो. त्याचीही खालची चोच फिकी, शेपटी तांबूस.

पारसिकची_कारवी · ८:३०

सुप्रभात. रात्री धागा वाचला, तेव्हा काही लिहिलं नाही कारण फोटो मोठ्या स्क्रीनवर बघायचे होते. आता पाचही फोटो उतरवून त्यांची माहिती उघडून बघितली. वेळा अशा आहेत: १, २ आणि ५ हे सकाळी ७:३८ ते ८:१० मधले. ३ आणि ४ संध्याकाळी ५:४१ आणि ५:४३ चे.

आता धाग्यातलं एक वाक्य पुन्हा वाचा: "संध्याकाळी परत गेले, तर पठ्ठ्या तिथेच!" सगळा घोळ या "तिथेच"ने केलाय. आपण सगळ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं गिळलं आणि काल रात्रभर एकाच पक्ष्याला दोन नावं द्यायला भांडलो. सकाळचा पक्षी आणि संध्याकाळचा पक्षी एकच आहे हे कुणी ठरवलं? मध्ये साडेनऊ तास गेलेत. दहा-बारा ग्रॅमचा जीव, पंख शाबूत.

उंबरखाली १, २, ५ बद्दल बरोबर आहेत, तो एशियन ब्राऊन आहे, पैज लावते. गणिती_टिटवी ४ बद्दल बहुधा बरोबर आहेत. आजोबांनी हे फोटो न बघता सांगितलं होतं.

धागाकर्तीला विनंती: संध्याकाळचे आणखी काही असेल तर टाका. हललेले, काळपट, पानाआडचे, काहीही. फोटो सुंदर नसला तरी चालेल, पाय दिसले पाहिजेत.

कोपरखैरणे_लोकल · ८:३६

सीआयडी येऊर.

नुकतीच_दुर्बीण · ९:२०

कान पकडते. माझ्या डोक्यात दोन पक्षी असण्याची शक्यताच आली नाही. तोच ओढा, तसाच डोळा, तसाच मातकट रंग, म्हणजे तोच पक्षी, असं धरून चालले होते.

आता आठवून लिहिते. सकाळचा माझ्या डोक्याच्या वर होता, दहा-बारा फुटांवर. संध्याकाळचा गुडघ्याएवढ्या उंचीवर. सकाळचा उडून पुन्हा त्याच फांदीवर यायचा. संध्याकाळचा एकदाही जागेवर परतला नाही, दर वेळी थोडा पुढे, आणखी आत. दोनदा तर जमिनीपर्यंत खाली उतरून परत वर आला. आवाज सकाळच्याचा बारीकसा "त्सी" दोन-तीनदा ऐकला, संध्याकाळचा चिडीचूप.

फोटो नाहीत, पण एक बारा सेकंदांचा व्हिडिओ आहे. हात थरथरलेत, मागे पाड्यावरचा कोंबडा आणि कुणाच्यातरी फटाक्यांची माळ ऐकू येईल. फटाक्यांना पक्षी उडतो, त्याच्या आधी अंग वळवतो तेव्हा पाय दिसतात बहुतेक. टाकतेय.

नौपाड्याचे_आजोबा · १०:०५

तिन्हीसांजेला गुडघ्याएवढ्या उंचीच्या पक्ष्यासाठी ओढ्यात वाकून बसला होतात, एकट्या. पक्ष्याचं नंतर बोलू. तो ओढा रात्री बिबट्याचा रस्ता आहे. वाकून बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. पुढच्या वेळी सोबत कुणीतरी न्या आणि उजेड असेतो पाड्याच्या रस्त्यावर या. हे दटावणं समजा.

नुकतीच_दुर्बीण · १०:११

समजले, आजोबा. खरंच लक्षात आलं नव्हतं.

पारसिकची_कारवी · १०:४८

व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. सातव्या सेकंदाला पक्षी डावीकडे वळतो आणि दोन्ही पाय उजेडात येतात. फिके आहेत, ज्या फांदीवर बसलाय तिच्यापेक्षा स्पष्ट उजळ. नवव्या सेकंदाला मान वर करतो तेव्हा चोच खालून दिसते, टोकाचा ठिपका सोडला तर सगळी पिवळी.

मावळतीच्या उजेडाचा आक्षेप इथे टिकत नाही. उजेडाने काळे पाय तांबूस झाले असते तर शेजारची काळी फांदीही झाली असती, ती काळीच आहे. रंग कसा पडलाय हे ठरवताना पक्ष्याला एकटं बघू नये, त्याच चौकटीतल्या दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघावं.

आता रस्टी-टेल्डचं. तो पक्षी पाठीमागून ओळखायचा: कंबर आणि शेपटी पाठीपेक्षा उघडच तांबूस, आणि चेहरा मात्र कोरा. इथे उलट आहे. चेहऱ्यावर सगळा साज आहे: ठळक वलय, पांढरा गळा, गडद मिशी, खाली छातीचा पट्टा. शेपटीला नुसती झाक आहे. फोटो ३, ४ आणि व्हिडिओ: माझं मत ब्राऊन-ब्रेस्टेड.

उंबरखाली · ११:३०

व्हिडिओ बघितला. काल फोटो ४ बद्दल लिहिलेलं मागे घेतो. उजेडाबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही, ते बरोबरच होतं, फक्त चुकीच्या पक्ष्यावर लावलं.

टिटवी, चहा माझ्याकडून.

गणिती_टिटवी · ११:३४

चहा नको, मिसळ. मामलेदारची.

रानफुटाणा · ११:५०

जबरदस्त! ताई, ओढ्याचं लोकेशन टाकाल का? दुपारी कॅमेरा घेऊन निघतोय. ब्राऊन-ब्रेस्टेडचा कॉल मोबाइलवर आहे, वाजवला की बाहेर येईल.

पारसिकची_कारवी · ११:५८

लोकेशन इथे टाकू नका, कृपया. आणि कॉल तर अजिबात वाजवू नका. ईशान्येकडून किंवा चीनमधून इथवर उडत आलेला पक्षी आहे, चरबी भरतोय, कदाचित उद्या-परवा दक्षिणेला निघेल. त्याला तुमच्या मोबाइलमधल्या खोट्या शत्रूशी भांडायला लावून काय मिळणार? मागे एका डोंगरावर फोटोसाठी आठ-दहा जण झुडपाला गोल करून उभे होते, तो प्रकार बघून मी तीन महिने गळ्यात कॅमेरा घातला नव्हता.

रानफुटाणा · १२:०४

बरं बरं. नुसतं विचारलं.

उंबरखाली · १२:१५

विचारलंत ते बरं केलंत, निदान बोलणं झालं. येऊर गेटवरून कुठल्याही ओढ्याच्या काठाने सकाळी सातला गुपचूप चाललात तर निळा टिकेल माशीमार तरी नक्की भेटेल, तो बाराही महिने इथलाच. गळ्यापासून छातीपर्यंत नारिंगी, पाठ निळी, गाणं गोड, आणि ओळखायला पाय बघावे लागत नाहीत.

सातासमुद्रापार · १२:४०

निजायच्या आधी डोकावले आणि दोन पक्षी झाले! ब्राऊन-ब्रेस्टेडचं शास्त्रीय नाव शोधलं तर मस्किकापा मुत्तुई. हे मुत्तू कोण?

नौपाड्याचे_आजोबा · दुपारी ३:१५

जेवणानंतरची झोप मोडून लिहितो, कारण हे मला सांगायलाच हवं.

एडगर लेओपोल्ड लेयार्ड हा इंग्रज सिलोनमध्ये सरकारी नोकरीत होता, पक्ष्यांचा नादी. मुत्तू हा त्याचा स्वयंपाकी. जाफन्याकडे, पॉइंट पेड्रोला, या मुत्तूने एक मातकट पक्षी आणून साहेबापुढे ठेवला. लेयार्डने १८५४ साली त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं मुत्तुई. तमिळमध्ये मुत्तू म्हणजे मोती.

आपल्या पक्ष्यांची नावं काढून बघा: टिकेल लष्करातला अधिकारी, जर्डन डॉक्टर, ब्लिथ संग्रहालयवाला. ज्यांनी जाळी लावली, झाडांवर चढले, चिखलातून पक्षी उचलून आणले, त्यांची नावं शोधूनही सापडत नाहीत. या एका पक्ष्याच्या नावात मात्र साहेब नाही, स्वयंपाकी आहे. इंग्रजीत त्याला लेयार्ड्स फ्लायकॅचर असंही म्हणायचे, ते मागे पडलं. मुत्तू टिकला.

दुसऱ्याचं नाव कमी रंगतदार. दाऊरिका, म्हणजे बैकल सरोवराच्या पूर्वेकडच्या दाउरिया मुलखातला. पीटर पल्लासने १८११ साली ठेवलं, त्याच वर्षी तो वारला. पुढे १८२२ साली रॅफल्सने, त्याच सिंगापूरवाल्या रॅफल्सने, याच पक्ष्याला लॅटिरोस्ट्रिस म्हटलं होतं, म्हणजे रुंद चोचीचा. जुन्या पुस्तकांत ते नाव भेटेल. ते खरं तर चांगलं नाव होतं. या पक्ष्याची चोच बाजूने सुईसारखी वाटते, खालून बघितली की मुळाशी चांगली पसरट. माशी टिपणाऱ्याला तोंडाचं सूप लागतं, चिमटा नव्हे. कडेला मिशांसारखे राठ केसही असतात.

कोपरखैरणे_लोकल · ३:२२

आता हा मुत्तू बघायलाच हवा. चिमणी चिमणी म्हणून हिणवल्याबद्दल माफी.

गणिती_टिटवी · ४:००

नोंदीचं काय केलंत? ईबर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या त्या संकेतस्थळावर, चेकलिस्ट भरली का? दोन वेगळ्या नोंदी करा, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. ब्राऊन-ब्रेस्टेड टाकलात की इथला तपासनीस पुरावा विचारेल, घाबरू नका. व्हिडिओ जोडा आणि टिपणीत "पाय फिके, खालची चोच पूर्ण पिवळी, छातीला पट्टा, शेपटी झाक, झुडपात खाली" एवढं लिहा. "सुंदर पक्षी, खूप आनंद झाला" असं लिहू नका, मी पहिल्यांदा तेच लिहिलं होतं.

आणि शंका असेल तर "मस्किकापा, जात अनिश्चित" असंही टाकता येतं. त्यात काही कमीपणा नाही. माझ्या यादीत असे सतरा अनिश्चित बसलेत.

नुकतीच_दुर्बीण · बुधवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. ऑफिस सुरू झालं.

आज सुट्टी टाकून सकाळी पुन्हा गेले होते. आजोबा, एकटी नाही, नवऱ्याला नेलं. वाळक्या फांदीवर सकाळचा साहेब हजर, त्याच जागी, जणू भाडं भरलंय. दुर्बीण लावून आधी पाय बघितले. काळे. चोच खालून: मुळाशी पिवळट, पुढे काळी. छाती मळकट, कुठेही पट्टा नाही. पंधरा मिनिटांत सोळा झेपा मोजल्या, त्यातल्या अकरा वेळा परत त्याच फांदीवर. नवऱ्याने मोजल्या, म्हणजे खात्रीच्या आहेत, तो हिशेबात काम करतो.

ओढ्याच्या खालच्या अंगाला, कारवीत, तासभर बसलो. सातभाईंचा गोंधळ, एक टिकेल, एक शिंपी, आणि पाड्यावरचा तोच कोंबडा. मुत्तू नाही. गेला असेल पुढे. किंवा हातभर अंतरावर बसून आमच्याकडे बघत असेल, त्याचाही भरवसा नाही.

चेकलिस्ट भरली. तपासनीसांनी खरंच विचारलं, व्हिडिओ पाठवला, त्यांनी फटाक्यांबद्दलही विचारलं. नोंद मान्य झाली.

येताना उपवनला चहा घेतला. नवरा म्हणाला, "मग, दुर्मीळ होता का नव्हता?" म्हटलं, "एक होता, एक नव्हता." त्यावर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण तू तर एकच आहे म्हणाली होतीस."